एका मुलाचा अर्ज

इसवी सन १८५६ च्या जून महिन्यातील गोष्ट. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. तेथील सरकारी शाळेत प्रवेश मिळावा, म्हणून महार समाजातील एका मुलाचा अर्ज सरकारदरबारी आला. शाळेचा खर्च सरकारी तिजोरीतून होत असे, आणि त्या तिजोरीत भर घालणाऱ्या सर्व रयतेचा तिच्यावर हक्क होता. तरीही जुलैमध्ये सरकारने अर्ज नामंजूर केला. ठरावाची भाषा मोठी सावध होती. न्याय अर्जदाराच्या बाजूने आहे, हे सरकारने मान्य केले. परंतु एका किंवा थोड्या व्यक्तींसाठी शतकानुशतकांच्या समजुतींत एकाएकी हात घातल्यास शिक्षणकार्याचीच हानी होईल, असे कारण दिले.

न्याय मान्य, पण मागणारा एकटा. सार्वजनिक शिक्षणाच्या आपल्या इतिहासात हे कारण पुढेही पुनःपुन्हा, निरनिराळ्या वेषांत भेटते. म्हणून ते ध्यानात ठेवायला हवे.

दोन वर्षांनी, १८५८ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळाने सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या असल्याचे स्पष्ट केले. १८८२ च्या हंटर आयोगाने त्या तत्त्वाला पुष्टी दिली. कागदावर दार उघडले. पण कागदावरचे दार आणि शाळेचे दार यांत अंतर असते. ते अंतर तोडण्याचे काम आईबापांवर येऊन पडले.

१८९० नंतरच्या वर्षांत कोकणातील दापोली येथे हे दिसून आले. लष्करातून निवृत्त झालेले महार व चांभार पेन्शनर तेथे स्थायिक झाले होते. पलटणीतील शाळांमुळे त्यांना अक्षरांची किंमत कळली होती. नगरपालिकेच्या शाळेत आपल्या मुलांना घ्यावे, म्हणून त्यांनी अर्जामागून अर्ज केले. या वेळी मागणारा एकटा नव्हता. अखेर मुलांना प्रवेश मिळाला. परंतु वर्गात नव्हे, ओसरीवर. शिक्षकांचा आवाज दारातून जेवढा बाहेर येईल, तेवढेच शिक्षण.

याच दापोलीत काही काळ सुभेदार रामजी सकपाळ यांचे कुटुंब राहिले. पुढे ते साताऱ्यास आले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचा मुलगा भीमराव तेथील सरकारी हायस्कुलात दाखल झाला. वर्गात त्याला बसण्यासाठी घरून तरट न्यावे लागे. तो दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. सोहळ्यात आपण मुलाचे स्मरण करतो ते योग्यच आहे. पण मुलांच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या त्या पेन्शनर पित्यांचेही स्मरण व्हावे. ओसरी मिळाली म्हणून ते समाधानाने घरी बसले नाहीत, आणि ओसरीच मिळाली म्हणून मुलांना त्यांनी शाळेतून काढलेही नाही.

हा झाला मुंबई इलाखा. यवतमाळ तेव्हा वऱ्हाडात होते. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनीच्या हवाली केले आणि १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडले गेले. आजच्या यवतमाळ जिल्ह्याचे नाव १९०५ पर्यंत वणी गावावरून होते. येथे बंद दाराइतकाच मोठा प्रश्न होता तो मुळात शाळाच नसण्याचा. पुसद तालुक्यातील गहुली या बंजारा तांड्यात १ जुलै १९१३ रोजी वसंतराव नाईक जन्मले. गावात शाळा नव्हती. फुलसिंग आणि होनूबाई या मातापित्यांनी मुलाला आसपासच्या गावांतील शाळांत, पुढे अमरावती आणि नागपूरला धाडले. १९४० मध्ये मुलगा वकील झाला, आणि १९६३ ते १९७५ पर्यंत महाराष्ट्राचा मुख्यमंत्री राहिला. परंतु फुलसिंग तांड्याचे नाईक होते. ज्यांच्याजवळ ना नाईकी होती ना शेती, त्या तांड्यातील इतर बापांनी काय करावे?

या जिल्ह्यात केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी या भागांत कोलाम समाजाची वस्ती आहे. महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींपैकी ही एक. त्यांच्या वस्त्यांना पोड म्हणतात. घरीदारी कोलामी बोलणारे मूल शाळेत येते, तेव्हा पाटीवरचे पहिले अक्षरही परक्या भाषेचे असते. पोड लहान, तांडा लहान, म्हणून शाळेचा पटही लहान. डिसेंबर २०१७ मध्ये राज्य सरकारने दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळांत सामावण्याचे ठरविले. हेतू गुणवत्तेचा सांगितला गेला. परंतु वस्ती जेवढी लहान आणि रानातली, तेवढी अशा निर्णयाची झळ तिला आधी लागते. शब्द बदलले, धारवाडचे कारण मात्र ओळखू येते. मागणारे थोडे आहेत.

आजच्या आईबापांच्या हाती दापोलीकरांजवळ नसलेले एक साधन आहे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. राज्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि दुर्बल घटकांना त्यांच्या प्रमाणात स्थान मिळावे, असे कायदा सांगतो. शाळेचा विकास आराखडा करणे आणि अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवणे हे तिचे काम. एकेकाळी अर्ज घेऊन दारात उभा राहणारा बाप आज कायद्याने सभेत बसतो. मात्र सभा भरली नाही आणि नुसते अंगठे गोळा झाले, तर हीही एक ओसरीच ठरते.

आपल्या समाजाला हा प्रश्न परका नाही. पालक हेच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात सांगितले. संविधानाच्या तिसाव्या कलमाने आपल्याला शाळा चालविण्याचा हक्क दिला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना शिक्षणहक्क कायद्यातून, आणि म्हणून गरीब मुलांसाठीच्या पंचवीस टक्के जागांच्या अटीतूनही, वगळले. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने या निर्णयाच्या फेरविचाराची गरज दर्शविली. न्यायालय काय ठरवील ते ठरवो. आपल्या शाळेच्या दारात एखाद्या पोडातील आई एकटी उभी राहिली, तर तिला दार उघडण्यासाठी आपल्याला कायद्याच्या सक्तीची वाट पाहावी लागू नये. नव्याण्णव मेंढरे सोडून एकाच्या शोधात निघणाऱ्या मेंढपाळाची कथा आपण मुलांना सांगतो. त्या कथेत पटसंख्येची अट नाही.

आपल्या धर्मग्रामांतील कित्येक कुटुंबांची मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकतात. त्यांच्या समितीची पुढची सभा केव्हा आहे, हे आपण विचारले आहे काय? शेजारच्या तांड्यातील पालकाला अर्ज लिहिता येत नसेल, तर तो लिहून देणारा हात आपल्या घरात आहे. धारवाडच्या त्या मुलाच्या बाजूला न्याय होता, हे सरकारनेही कबूल केले होते. त्याच्या बाजूला आणखी चार माणसे असती, तर ‘एकाच व्यक्तीसाठी’ हे कारण लिहिताना सरकारची लेखणी अडखळली असती.