कायद्याचा नकाशा आणि प्रवासाची संहिता : समलिंगी प्रवाशांसाठीच्या मार्गदर्शिकांचा इतिहास

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार तौलनिक साहित्याभ्यासाच्या कक्षेत स्थिरावून बराच काळ लोटला. प्रवासमार्गदर्शिका मात्र अद्याप उंबरठ्याबाहेरच उभी आहे. पत्ते, दर, वेळा आणि सूचना यांचे संकलन म्हणजे वाङ्मय नव्हे, असे गृहीत धरून तिच्याकडे दुर्लक्ष झाले. या गृहीताची मर्यादा स्पष्ट करणारे उदाहरण म्हणजे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात समलिंगी प्रवाशांसाठी निघालेल्या मार्गदर्शिका. सुरक्षितपणे आणि आनंदाने परदेश पाहता यावा, एवढाच त्यांचा सांगितलेला हेतू होता. तथापि त्या हेतूमागे दोन शतकांचा कायद्याचा इतिहास, सांकेतिक लेखनाची एक परंपरा आणि ‘सुरक्षितता नेमकी कोणाची’ हा अनुत्तरित प्रश्न उभा आहे. प्रस्तुत लेखात या तिन्हींचा परस्परसंबंध तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

१. दंडसंहितांचा भूगोल

समलिंगी प्रवासाचा आधुनिक भूगोल प्रथम आखला तो कायद्याने. फ्रान्सच्या १७९१ च्या दंडसंहितेने प्रौढांमधील खाजगी समलिंगी संबंधांना गुन्ह्यांच्या यादीतून वगळले आणि १८१० च्या संहितेने तेच धोरण पुढे चालविले. नेपोलियनच्या विजयांबरोबर हा विचार युरोपात पसरला. याउलट, १८७१ च्या जर्मन दंडसंहितेतील कलम १७५ आणि १८८५ ची इंग्लंडमधील लाबुशेअर दुरुस्ती यांनी उत्तर युरोपातील पुरुषांवर कारावासाची टांगती तलवार ठेवली. इटलीचे उदाहरण विशेष बोलके आहे. एकीकरणानंतर सार्डिनियाची संहिता इतरत्र लागू झाली, तेव्हा नेपल्स व सिसिली यांच्या जुन्या राज्याच्या प्रदेशात तिच्यातील समलिंगी संबंधांविषयीचे कलम लागू केले गेले नाही. पुढे १८८९ मध्ये संमत झालेल्या झानारदेल्ली संहितेने ते संपूर्ण इटलीतूनच नाहीसे केले. उत्तरेकडील श्रीमंत प्रवाशांना दक्षिण इटलीची जी ओढ वाटली, तिचे श्रेय आजवर ऊन, समुद्र आणि ग्रीक भग्नावशेष यांना दिले गेले. त्यात दंडसंहितेचाही वाटा होता. रॉबर्ट ऑल्ड्रिच यांनी १९९३ मधील आपल्या ग्रंथात भूमध्य प्रदेशाच्या या आकर्षणाचा साहित्यिक व कलात्मक इतिहास सविस्तर मांडला आहे.

ई. एम. फॉर्स्टर यांच्या ‘मॉरिस’ या कादंबरीत हा नकाशा थेट कथानकात उतरतो. १९१३-१४ मध्ये लिहिलेली ही कादंबरी लेखकाच्या मृत्यूनंतर १९७१ साली प्रकाशित झाली. नायकाला ‘बरे’ करण्यात अपयश आलेला संमोहनतज्ज्ञ अखेरीस त्याला सल्ला देतो तो नेपोलियनची संहिता स्वीकारलेल्या देशात जाऊन राहण्याचा. फ्रान्स आणि इटली ही नावेही तो घेतो. वैद्यकीय सल्ल्याच्या जागी प्रवाससल्ला येतो, ही या प्रसंगातील खरी मेख होय. त्याच कादंबरीत क्लाइव्ह हे पात्र ग्रीसला जाते आणि तेथून आपण ‘सामान्य’ झाल्याचे कळवते. आदर्श मानलेली भूमी मुक्त करीलच असे नाही, ही जाणीव फॉर्स्टर यांनी प्रवासाच्या रूढ कथनाला उलटे वळण देऊन व्यक्त केली आहे.

कायद्याने दिलेली सुरक्षितता समाजाने मान्य केलेली असतेच असेही नाही. मे १८९७ मध्ये तुरुंगातून सुटलेला ऑस्कर वाइल्ड त्याच रात्रीच्या बोटीने फ्रान्सला निघाला आणि इंग्लंडला पुन्हा परतला नाही. त्या वर्षाच्या उत्तरार्धात नेपल्सला राहत असताना त्याने काप्री बेटाला भेट दिली. तेथील एका हॉटेलात इंग्रज पाहुण्यांनी हरकत घेतल्यामुळे त्याला भोजनगृहातून उठावे लागले, असे वृत्त त्याच्या चरित्रांत येते. बेटावरचा कायदा इटलीचा होता. पंक्तीला बसलेला समाज मात्र इंग्लंडचा होता. पाच वर्षांनी त्याच काप्रीतील वास्तव्यावरून जर्मन उद्योगपती फ्रीड्रिख क्रुप याच्यावर वृत्तपत्रांतून आरोप झाले आणि नोव्हेंबर १९०२ मध्ये, बर्लिनच्या ‘फोरवेर्ट्स’ने लेख छापल्यानंतर आठवड्याभरातच, त्याचा मृत्यू झाला. प्रवासी देश सोडतो, त्याची बदनामी मात्र सीमा ओलांडून त्याच्याबरोबर येते किंवा त्याच्या आधीच घरी पोचते.

२. सीमेवरचा माणूस

एकोणिसाव्या शतकातील प्रवाशाला पारपत्राची फारशी अडचण नव्हती. पहिल्या महायुद्धानंतर सीमा कडक झाल्या आणि प्रवाशाचे शरीर, सामान व पत्रे तपासली जाऊ लागली. ख्रिस्तोफर इशरवुड १९२९ मध्ये बर्लिनला गेला तो तेथील मोकळ्या वातावरणाच्या ओढीने. १९३३ मध्ये हाइन्झ या जर्मन सहचरासह त्याने ते शहर सोडले. पुढील वर्षी हारिच बंदरात ब्रिटिश अधिकाऱ्याने हाइन्झला प्रवेश नाकारला. त्यानंतर हे दोघे देशोदेशी फिरत राहिले आणि १९३७ मध्ये हाइन्झला जर्मनीत अटक झाली. कारावास, श्रमसेवा आणि लष्करी चाकरी त्याच्या वाट्याला आली. इशरवुडने १९७६ च्या ‘ख्रिस्तोफर अँड हिज काइंड’ या ग्रंथात हा वृत्तान्त नावानिशी सांगितला. त्याच्या १९३९ च्या बर्लिनविषयक कथांत निवेदकाचे खाजगी जीवन झाकलेले होते. एकाच प्रवासाच्या या दोन संहितांमध्ये सदतीस वर्षांचे अंतर आहे आणि ते अंतर भीतीचे आहे.

मॅग्नुस हिर्शफेल्ड या बर्लिनच्या लैंगिकताशास्त्रज्ञाचा विश्वप्रवासही येथे नोंदविला पाहिजे. १९३० मध्ये निघालेला हा अभ्यासक १९३१ मध्ये भारतातही येऊन गेला. तो परतण्यापूर्वीच जर्मनीतील परिस्थिती पालटली. मे १९३३ मध्ये त्याच्या संस्थेची लूट झाली आणि १९३५ साली नीस येथे तो परागंदा अवस्थेत वारला. पर्यटक आणि निर्वासित यांच्यातील रेषा किती पुसट असते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

युद्धोत्तर काळात अमेरिकेच्या १९५२ च्या स्थलांतरविषयक कायद्याने समलिंगी परदेशीयांना प्रवेश नाकारण्याचा मार्ग खुला केला. १९६७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्याला मान्यता दिली आणि १९९० च्या कायद्याने ही तरतूद रद्द झाली. एचआयव्हीबाधितांवरील प्रवेशबंदी तर २०१० पर्यंत टिकली. अर्थात, ज्या देशात समलिंगी पर्यटनाचा व्यवसाय सर्वाधिक भरभराटला, त्याच देशाच्या दारात समलिंगी परदेशी प्रवासी दीर्घकाळ संशयित होता.

३. मार्गदर्शिका आणि तिची सांकेतिकता

या पार्श्वभूमीवर मार्गदर्शिकेचा उदय समजून घ्यावा लागतो. सान फ्रान्सिस्कोतील मद्यगृहचालक बॉब डॅमरन याने १९६० च्या दशकाच्या मध्यास खिशात मावेल अशी पत्त्यांची वही छापली. तिच्यात अमेरिकेतील अशी ठिकाणे होती जेथे समलिंगी पुरुषाला निर्धास्तपणे बसता येई. १९७० मध्ये जॉन स्टॅम्फर्ड याने सुरू केलेल्या ‘स्पार्टाकस’ने हाच उपक्रम जागतिक पातळीवर नेला. स्त्रियांसाठी याच दशकात ‘गायाज गाइड’ निघाली. पुरुषांच्या मार्गदर्शिकांत स्त्रियांना मिळालेली अल्प जागा हेच तिच्या निर्मितीचे कारण होते. या परंपरेला एक समांतर पूर्वसूरीही आहे. न्यूयॉर्कमधील टपाल कर्मचारी व्हिक्टर ग्रीन याने १९३६ पासून कृष्णवर्णीय मोटारप्रवाशांसाठी काढलेले ‘ग्रीन बुक’ नेमक्या याच गरजेतून जन्मले होते. कोठे जावे यापेक्षा कोठे अपमान होणार नाही, हे सांगणे त्याला अधिक महत्त्वाचे वाटले.

संहिता म्हणून पाहता या मार्गदर्शिकांचे वैशिष्ट्य त्यांच्या संक्षेपांत आहे. प्रत्येक पत्त्यापुढे एक-दोन अक्षरांची चिन्हे असत आणि त्यांवरून ग्राहकांचा प्रकार, पोशाखाचे संकेत, स्थळाचा स्वभाव वाचकाला कळे. सर्वांत अर्थपूर्ण संक्षेप होता तो ‘आपल्या जबाबदारीवर’ या अर्थाचा. पोलीस, लुटारू किंवा मारेकरी यांपैकी कोणाचा धोका आहे हे त्यात सांगितलेले नसे. वाचकाने ते स्वतःच्या अनुभवाने भरून काढावे, अशी अपेक्षा असे. संहितेतील रिकाम्या जागा भरणारा हा वाचक बाहेरच्यासाठी अनभिज्ञ आणि आतल्यासाठी सुजाण होता.

मराठीच्या अभ्यासकाला येथे महानुभावांची आठवण होणे स्वाभाविक आहे. चक्रधरस्वामींचा संचार झालेल्या स्थळांची काटेकोर नोंद करणारी ‘स्थानपोथी’ आणि ग्रंथ बाहेरच्यांच्या हाती अर्थासह पडू नयेत म्हणून चौदाव्या शतकापासून वापरात आलेली सकळा लिपी, या दोन गोष्टी एकाच पंथाने निर्माण कराव्यात हा योगायोग नाही. स्थळांची यादी आणि सांकेतिक लेखन यांची गरज एकाच वेळी त्या समूहाला भासते, ज्याला एकत्र यायचे असते परंतु सर्वांच्या नजरेस पडायचे नसते. साधर्म्य अर्थातच केवळ रचनेचे आहे. स्थानपोथीतील स्थळ पावित्र्याने स्थिर झालेले असते. मार्गदर्शिकेतील स्थळ पुढच्या आवृत्तीपर्यंत टिकेल याची शाश्वती नसते. म्हणूनच तिची आवृत्ती वर्षागणिक नवी काढावी लागे.

पुढे व्यवसाय वाढला. १९७३ मध्ये हान्स एबेन्स्टेन याने ग्रँड कॅन्यनला समलिंगी पुरुषांची सामूहिक सहल नेली, १९८३ मध्ये समलिंगी प्रवासव्यावसायिकांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि १९९० मध्ये ‘ऑलिव्हिया’ने स्त्रियांसाठी पहिली सागरसफर काढली. मोबाइल दूरध्वनीवरील उपयोजनांनी अखेर छापील मार्गदर्शिकेची जागा घेतली. जोखीम मात्र तशीच राहिली. इजिप्तमध्ये पोलीस या साधनाचा वापर सापळ्यासाठी करीत असल्याची वृत्ते आल्यावर २०१४ मध्ये ‘ग्राइंडर’ला अंतर दाखविण्याची सोय तेथे बंद करावी लागली. पत्ता सांगणारी प्रत्येक यादी पोलिसालाही वाचता येते.

४. यजमानाची बाजू

आतापर्यंतचे विवेचन प्रवाशाच्या दृष्टीने झाले. या इतिहासाचे मर्म मात्र यजमानाच्या बाजूला आहे. ११ मे २००१ रोजी कैरो येथे नाईल नदीवरील एका तरंगत्या नृत्यगृहावर पोलिसांनी धाड घातली. परदेशी नागरिकांना सोडून देण्यात आले. इजिप्शियन पुरुष पकडले गेले आणि अखेर बावन्न जणांवर खटला चालला. पर्यटकासाठी ‘आपल्या जबाबदारीवर’ या शब्दांचा अर्थ एक वाया गेलेली संध्याकाळ एवढाच ठरला. स्थानिकासाठी तो नोकरी, कुटुंब आणि स्वातंत्र्य यांचा नाश होता. मार्गदर्शिकेतील जबाबदारी अशी असमान वाटली गेलेली असते.

टँजियरच्या उदाहरणाने हेच सूत्र वाङ्मयीन पातळीवर स्पष्ट होते. १९२० च्या दशकापासून १९५६ पर्यंत आंतरराष्ट्रीय क्षेत्र असलेल्या या शहरात पॉल बोल्स, विल्यम बरोज यांसारखे लेखक वास्तव्यास आले आणि त्यांनी त्याची एक स्वप्ननगरी रंगविली. त्याच शहराच्या रस्त्यांवर उपाशी वाढलेला मोहम्मद शुक्री याने आपले आत्मकथन लिहिले. १९७३ मध्ये ते बोल्सच्या इंग्रजी अनुवादातून जगापुढे आले. अरबीत ते १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मोरोक्कोत दीर्घकाळ बंदीखाली राहिले. परदेशीयांना जेथे स्वातंत्र्य दिसले, तेथे शुक्रीला भूक आणि तिने घडविलेले व्यवहार दिसले. जोसेफ बून यांनी १९९५ मधील निबंधात एडवर्ड सईद यांच्या प्राच्यवादाच्या मीमांसेत समलिंगी प्रवाशाचा हा पैलू सुटल्याचे दाखवून दिले. त्या चर्चेत शुक्रीसारख्या संहितांना मध्यवर्ती स्थान मिळणे आवश्यक आहे.

५. भारत : गंतव्य आणि प्रस्थान

भारत या इतिहासात प्रथम गंतव्यस्थान म्हणून येतो. फॉर्स्टर १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या देवास संस्थानात, तुकोजीराव पवार या मराठा राजाचा खाजगी सचिव म्हणून राहिला. १९५३ च्या ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात त्या दरबाराचे, तेथील गोकुळाष्टमीचे प्रसन्न चित्र आहे. त्याच वास्तव्यातील समलिंगी संबंधांविषयीचे त्याचे टिपण मात्र मृत्यूनंतरच, १९८३ मध्ये छापले गेले. दरबारातील एका सेवकाशी आलेल्या या संबंधांतील सत्तेची विषमता आणि स्वतःची निष्ठुरता यांची कबुली त्यात आहे. सेवकाची बाजू सांगणारी संहिता मात्र उपलब्ध नाही. जे. आर. अॅकर्ली याचे छत्रपूर संस्थानावरील ‘हिंदू हॉलिडे’ १९३२ मध्ये काटछाट करूनच प्रसिद्ध होऊ शकले. या पाहुण्यांना आश्रय देणाऱ्या देशाच्या ब्रिटिश प्रदेशांत १८६० च्या दंडसंहितेचे कलम ३७७ अमलात होते. महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या समलिंगी वर्तनाविषयीच्या प्रश्नांनाही उत्तरे दिली, तेव्हा १९३४ मध्ये त्यांना अश्लीलतेच्या खटल्यास सामोरे जावे लागले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरी कर्व्यांना दंड झाला. जे परदेशी लेखकाला प्रवासात अनुभवता आले, ते मराठी संपादकाला छापणेही कठीण होते.

मराठी प्रवासवर्णनाने या विषयाला जवळजवळ स्पर्श केला नाही. ‘अपूर्वाई’पासून रूढ झालेला प्रवासी बहुधा गृहस्थ आहे, सहचारिणी बरोबर आहे आणि घराची ओढ कायम आहे. एकट्या, घराविषयी साशंक असलेल्या प्रवाशाला त्या साच्यात जागा नाही. सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्ल्यू’ या २००६ मधील कादंबरीने हा प्रश्न उलट्या दिशेने मांडला. तेथे प्रवासी म्हणजे पुण्यातील मराठी घरात राहायला आलेला पाहुणा. तो निघून जातो आणि त्याच्यावर प्रेम करणारे भाऊ व बहीण मागे राहतात. शुक्रीच्या आत्मकथनाशी या कादंबरीचे नाते वरवर दूरचे असले, तरी दोन्हींत यजमानच बोलतो.

६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने प्रौढांचे संमतीने होणारे समलिंगी संबंध भारतात गुन्हा राहिले नाहीत. त्यामुळे भारत हे प्रस्थानस्थानही झाले. तथापि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला; परिणामी मराठी जोडपे परदेशी गेले, तर त्यांचे नाते दाखविणारा कोणताही स्वदेशी दस्तऐवज त्यांच्याजवळ नसतो. त्याच महिन्यात मॉरिशसच्या सर्वोच्च न्यायालयाने तेथील १८३८ च्या संहितेतील कलम २५० समलिंगी पुरुषांपुरते घटनाबाह्य ठरविले. एकोणिसाव्या शतकापासून मराठी भाषक वस्ती करून असलेल्या या बेटावर मराठी पर्यटक आज निर्धास्तपणे उतरू शकतो. साठांहून अधिक देशांत मात्र असे संबंध आजही गुन्हा आहेत आणि काही देशांत त्यांसाठी देहदंड आहे.

समलिंगी प्रवाशांच्या मार्गदर्शिकांनी अनेकांना अटकेपासून, मारहाणीपासून आणि एकाकीपणापासून वाचविले, ही त्यांची ऐतिहासिक कामगिरी नि:संशय आहे. परंतु त्यांचा वाचक नेहमी जाणारा होता. राहणाऱ्याचा धोका त्यांच्या चिन्हसूचीत आला नाही. तौलनिक अभ्यासाने मार्गदर्शिकेशेजारी शुक्रीचे आत्मकथन, इशरवुडच्या ग्रंथाशेजारी हाइन्झचे मौन आणि फॉर्स्टरच्या टिपणाशेजारी देवासच्या सेवकाची न लिहिली गेलेली संहिता ठेवून वाचली, तरच ‘सुरक्षित प्रवास’ या शब्दांचा पूर्ण अर्थ हाती येईल. प्रवाशाची सुरक्षितता त्याच्या पारपत्रावर अवलंबून असते. ज्याच्याकडे तो जातो त्याची सुरक्षितता तो निघून गेल्यानंतरच कसोटीला लागते.