दगडाचे ऋण

रंगवलेल्या मनुष्याकृतीला ‘उठाव’ आहे असे आपण म्हणतो, तेव्हा नकळत शिल्पकाराचे ऋण मान्य करत असतो. इटलीत या ऋणाचा माग काढू लागलो की आपण पिसा शहरात पोहोचतो. तिथल्या बाप्तिस्मागृहातले संगमरवरी व्यासपीठ निकोला पिसानोने १२६० साली पुरे केले. गावातल्या प्राचीन रोमन शवपेट्यांवरचे कोरीवकाम त्याने बारकाईने पाहिले होते. अशाच एका पेटीवरची फेड्रा राणी त्याच्याकडे माता मेरी होऊन बसली आहे. पुढे पदुआच्या स्क्रोव्हेन्यी चॅपेलमध्ये निकोलाच्या मुलाची, जोव्हान्नीची, संगमरवरी मेरी वेदीवर आली आणि भिंती जोत्तोने रंगवल्या. १३०५ साली त्या चॅपेलचा अभिषेक झाला. जोत्तोच्या झग्यांआड प्रथमच वजनदार धड जाणवते. खालच्या पट्ट्यात तर त्याने सद्गुण-दुर्गुण करड्या रंगात असे काढले, की ते कोनाड्यातले पुतळेच वाटावेत. इतकी उघड कबुली कुणी क्वचितच दिली असेल!

तिथून सुमारे एकशेवीस वर्षांनी आपण फ्लॉरेन्सच्या ब्रांकाच्ची चॅपेलमध्ये येतो. मासाच्चोच्या ‘कराचे नाणे’ या भित्तिचित्रात प्रकाश उजवीकडून येतो. वेदीमागची खरी खिडकीही त्याच बाजूला आहे. आकृत्यांच्या सावल्या जमिनीवर पडतात आणि पावले पक्की टेकतात. आधीच्या चित्रांतली माणसे चवड्यांवर उभी असल्यासारखी दिसत, हे कलावंतांची चरित्रे लिहिणाऱ्या वसारीनेही टिपून ठेवले आहे. मासाच्चो तिशीच्या आतच गेला, पण कोवळ्या वयातल्या मायकेलँजेलोने त्याच चित्रातला पीटर कागदावर उतरवला. सिस्टीन चॅपेलचे छत रंगवून (१५०८–१२) कितीतरी वर्षे लोटल्यावर, १५४७ साली, त्याने विद्वान लेखक वार्कीला लिहिले, की चित्र उठावाकडे झुकेल तितके सरस आणि शिल्प चित्राकडे झुकेल तितके निरस. लिओनार्दोला मात्र उठावापायी स्नायू फुगवून दाखवण्याचा सोस खपत नसे. अशा आकृत्यांना त्याने अक्रोडांच्या पोत्याची उपमा दिली, आणि मायकेलँजेलोच्या कित्येक अनुयायांना ती चपखल बसते.

अभ्यासाची वाट पुढे युरोपभरच्या अकादम्यांत रुळली: आधी प्राचीन पुतळ्यांच्या प्लास्टर प्रतिकृती, मग जिवंत मॉडेल. हाच क्रम १८५७ साली सुरू झालेल्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आला. तिथे नग्न मॉडेलवरून रेखाटनाचा वर्ग शाळेचे प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी १९१९ साली उघडला. त्याआधीच्या मराठी चित्रकारांनी खांद्या-पोटऱ्यांचा उठाव गिरवला, तो बऱ्याच अंशी ग्रीक देवांच्या प्लास्टरवरून.