ओळीच्या शेवटी उरलेली मोकळी जागा

मजकुराच्या फाइलीत शब्द संपल्यावरही ओळीच्या शेवटी काही स्पेस पडून राहतात. डोळ्यांना त्या दिसत नाहीत, पण फाइलीत प्रत्येकीची नोंद असते. हा टंकलेखकाचा निष्काळजीपणा समजला जातो. मला हे निदान अपुरे वाटते. मोकळी जागा आधीपासूनच होती. ती ‘अनावश्यक’ ठरली, ती ओळीची व्याख्या बदलल्यावर.

आयबीएमने १९२८ मध्ये ८० स्तंभांचे पंचकार्ड आणले आणि पुढची कित्येक दशके ओळ म्हणजे एक कार्ड हेच समीकरण राहिले. ज्या स्तंभात भोक नाही ती स्पेस. फोरट्रान या प्रोग्रॅमिंग भाषेत विधान सातव्या स्तंभापासून सुरू होई. कार्डावर फक्त ‘एंड’चे (END) तीन वर्ण पंच केले, तर आधी सहा आणि नंतर ७१ जागा कोऱ्या राहत. त्या कोणी टाइप केलेल्या नसत आणि त्यांचा वेगळा खर्चही नसे, कारण भरलेले असो वा कोरे, कार्ड तेवढेच. ‘ही शेवटची जागा काढून टाका’ असे तेव्हा कोणी म्हटले असते, तर कार्ड कातरायचे का, असाच प्रश्न पडला असता. पण हेच कार्ड जसेच्या तसे टेपवर किंवा डिस्कवर उतरवले की कोरे स्तंभही वर्ण बनून सोबत येत.

बेल लॅब्जमध्ये १९६९ मध्ये युनिक्स या कार्यप्रणालीची सुरुवात झाली, तेव्हा मल्टिक्स या आधीच्या प्रणालीकडून आलेली एक साधी कल्पना तिथे रुजली. ओळीला ठरावीक लांबी नाही; ‘नवी ओळ’ सांगणारा एक वर्ण आला की ओळ संपली. आता शेवटच्या प्रत्येक स्पेसला किंमत आली. टेलिटाइप मॉडेल ३३ हा कागदावर छापणारा टर्मिनल सेकंदाला दहा वर्ण छापायचा, म्हणजे त्या ‘एंड’नंतरच्या ७१ स्पेस छापायला सात सेकंदांहून जास्त वेळ, तोही कागदावर काहीच न उमटता. ब्रायन कर्निघन आणि डेनिस रिची यांच्या १९७८ च्या सी भाषेवरील पुस्तकात ओळीच्या शेवटच्या स्पेस आणि टॅब काढण्याचा प्रोग्रॅम स्वाध्याय म्हणून दिला आहे. त्याची एक रीत अशी: एकेक वर्ण वाचायचा, स्पेस किंवा टॅब आला तर लगेच न लिहिता राखून ठेवायचा, पुढे अक्षर आले तर राखलेले आधी लिहायचे, नवी ओळ आली तर टाकून द्यायचे. नुसती संख्या मोजून भागत नाही, कारण त्यात टॅब कुठला आणि स्पेस कुठली हे हरवते. कार्डाच्या जगात या प्रोग्रॅमला अर्थच नव्हता, कारण त्याचा सगळा निर्णय नव्या ओळीच्या वर्णावर टेकलेला आहे.

आज साठवण स्वस्त आहे, मग ही साफसफाई कशाला, असा आक्षेप घेता येईल. पण जागेची बचत हे कारण मागे पडले, तरी तुलनेचे कारण उरलेच. डग्लस मॅकइलरॉय आणि जेम्स हंट यांच्या डिफ या प्रोग्रॅमने दोन फाइलींतल्या ओळी ताडून पाहायची सोय केली. एरवी तंतोतंत सारख्या दोन ओळींत एकीच्या शेवटी स्पेस असेल, तर साध्या तुलनेत ती ओळ बदललेली दिसते, आणि खरा बदल शोधणाऱ्याचा वेळ अशा खोट्या बदलांत जातो.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो: शेवटची प्रत्येक स्पेस निरर्थक नसते. २००४ मध्ये आलेल्या मार्कडाउन या मजकूर लिहिण्याच्या पद्धतीत ओळीअखेरच्या दोन स्पेस ‘इथे ओळ तोडा’ असे सांगतात. सफाईचा प्रोग्रॅम त्या निमूट खाऊन टाकतो. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, कारण जागेची गरज ती फाइल वाचणारे यंत्र ठरवते, हेच त्यातून दिसते. मराठीत तर हा प्रश्न स्पेसच्याही पलीकडे जातो. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये रचलेल्या यूटीएफ-८ या वर्णसंकेतात देवनागरीचा प्रत्येक बाइट १२७ च्या वर असतो. त्यामुळे फक्त ३२ आणि ९ हे क्रमांक, म्हणजे स्पेस आणि टॅब, तपासणारा जुना सी प्रोग्रॅम मराठी अक्षराला धक्का लावत नाही. पण ‘न दिसणारे सगळे’ काढणारा उत्साही प्रोग्रॅम शून्य रुंदीचा जोडवर्णही उडवतो. काही फाइलींत अर्धा र त्याच्याच आधाराने लिहिलेला असतो. तो गेला की सह्याद्रीतल्या ‘दर्‍या’ फाइलीत ‘दर्या’ होऊन बसतात.