एका क्रीडासंघाचे चढउतार

अमेरिकेत बास्केटबॉलचा व्यावसायिक संघ ही एक मिळकत असते. ती विकता येते, विकत घेता येते आणि एका शहरातून उचलून दुसऱ्या शहरात नेऊन मांडताही येते. फिलाडेल्फियाच्या नागरिकांना याचा प्रत्यय १९६२ मध्ये आला. त्या वर्षी त्यांचा वॉरियर्स हा जुना संघ खंड ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि शहर एक हंगाम संघावाचून राहिले. पुढल्या वर्षी आइक रिचमन आणि अर्व्ह कॉस्लॉफ या दोन गृहस्थांनी सिराक्यूज गावचा संघ विकत घेऊन फिलाडेल्फियात आणला. १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा याच शहरात संमत झाला होता. त्या सालाची आठवण म्हणून नव्या संघाचे नाव ठेवण्यात आले ‘सेव्हन्टी-सिक्सर्स’.

१९६५ च्या जानेवारीत या संघात विल्ट चेंबरलेन आला. सात फुटांहून उंच असा हा खेळाडू मूळचा फिलाडेल्फियाचाच; वॉरियर्सबरोबर तो सॅन फ्रान्सिस्कोला गेला होता. त्याच्या जोडीला हॅल ग्रीर, चेट वॉकर आणि तरुण बिली कनिंगहॅम असे खेळाडू होते. अलेक्स हॅनम या प्रशिक्षकाच्या हाताखाली १९६६–६७ च्या हंगामात संघाने ८१ पैकी ६८ सामने जिंकले. बॉस्टनचा सेल्टिक्स संघ ओळीने आठ वर्षे अजिंक्य होता. त्याला त्यांनी पाच सामन्यांतच मागे सारले. अंतिम फेरीत समोर उभा राहिला तो पूर्वी त्यांच्याच शहराचा असलेला वॉरियर्स संघ! त्यालाही त्यांनी सहा सामन्यांत नमविले. असा बलाढ्य संघ यापूर्वी झालाच नाही, असे त्या वेळी अनेक जाणकार म्हणत, आणि ते अतिशयोक्तीचे नव्हते.

मात्र या वैभवाच्या पायात एक चीर होती. १९६५ च्या डिसेंबरात बॉस्टनमध्ये सामना चालू असताना मैदानालगतच रिचमन यांचे हृदयविकाराने निधन झाले. रिचमन यांनी आपल्याला संघाच्या मालकीत वाटा देण्याचे वचन दिले होते, असे चेंबरलेनचे म्हणणे होते. तसा कागद मात्र कुठेच नव्हता, आणि कॉस्लॉफ यांना ते वचन मान्य नव्हते. खरेखोटे कोण ठरविणार? तोंडी वचनाचा साक्षीदार निघून गेला म्हणजे उरतो तो केवळ संशय, ही गोष्ट कोणत्याही कचेरीतल्या माणसाला सांगावी लागत नाही.

१९६८ मध्ये बॉस्टनविरुद्ध ३–१ अशी आघाडी मिळूनही संघ हरला. त्याच उन्हाळ्यात हॅनम निघून गेला आणि चेंबरलेनला लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाकडे धाडण्यात आले. बदल्यात मिळाले तीन खेळाडू. पण त्या तिघांची बेरीज त्या एकाएवढी होत नव्हती. व्यवस्थापक जॅक रॅम्सी यांनी प्रशिक्षकपदही स्वीकारले. १९६९ मध्ये त्यांनी वॉकरला शिकागोला देऊन टाकले. ग्रीरचे वय होत चालले होते. विजयांची संख्या ५५ वर, मग ४२ वर आली; एकदा ती ४७ पर्यंत सावरली आणि १९७१–७२ मध्ये ३० वर घसरली. त्यानंतर रॅम्सी बफेलोला गेले, आणि कनिंगहॅमही प्रतिस्पर्धी संघटनेतील कॅरोलिनाच्या संघात गेला.

आता प्रशिक्षक तरी कुठून आणायचा? चालकांनी चक्क वर्तमानपत्रात जाहिरात दिली. अखेर एका महाविद्यालयाच्या संघाला शिकविणारे रॉय रुबिन नेमले गेले. व्यावसायिक संघाचा अनुभव त्यांना मुळीच नव्हता. १९७२–७३ चा हंगाम सुरू झाला आणि पहिले १५ सामने संघ ओळीने हरला. ४ विजय आणि ४७ पराभव अशी अवस्था झाल्यावर रुबिन यांना दूर करण्यात आले व केव्हिन लॉघरी या खेळाडूकडेच सूत्रे देण्यात आली. त्याच्या कारकिर्दीत एकदा सातांपैकी पाच सामने जिंकून संघाने क्षणभर आशा लावली. पण शेवटचे १३ सामने पुन्हा पराभवाचेच. ८२ पैकी ९ विजय! अजिंक्यपदाला अवघी सहा वर्षे लोटली होती. सारा दोष रुबिन यांच्या माथी मारण्याची रीत पडली आहे. परंतु ज्या घराचे खांब एकेक करून आधीच काढून नेले, त्या घरात ते शेवटचे भाडेकरू होते, इतकेच.

सर्वांत दुबळ्या संघांना नव्या खेळाडूंची निवड आधी करू द्यावी, असा अमेरिकेतला नियम आहे. त्याचा लाभ घेऊन १९७३ मध्ये फिलाडेल्फियाने डग कॉलिन्सला पहिल्या क्रमांकावर निवडले. नवे प्रशिक्षक जीन शू यांनी विजय २५, ३४, ४६ असे पायरीपायरीने वर नेले. कनिंगहॅम परत आला, पण गुडघ्याच्या दुखापतीने त्याचा खेळ लवकरच संपला. १९७६ मध्ये संघाची मालकी बदलली आणि ज्युलियस अर्व्हिंग आला. त्यासाठी त्याच्या आधीच्या संघाला ३० लाख डॉलर मोजावे लागले. १९७७ च्या अंतिम फेरीत पहिले दोन सामने जिंकून संघाने निम्मी वाट चालून टाकली. पुढचे चारही पोर्टलंडने जिंकले. पोर्टलंडचे प्रशिक्षक होते जॅक रॅम्सी!

मग शू यांच्या जागी कनिंगहॅम प्रशिक्षक झाला. १९८० आणि १९८२ या दोन्ही वर्षी अंतिम फेरीत लेकर्सपुढे हार पत्करावी लागली. शेवटी १९८२ मध्ये ह्यूस्टनहून मोझेस मलोन आला, आणि ६५ विजयांनंतर बाद फेऱ्यांतील १३ सामन्यांपैकी केवळ एक गमावून संघाने १९८३ च्या मे महिन्यात अजिंक्यपद मिळविले. अंतिम फेरीत लेकर्सला एकही सामना जिंकता आला नाही. १९६७ च्या विजयात खेळाडू म्हणून असलेला कनिंगहॅम या वेळी बाजूला उभा राहून सूत्रे हलवीत होता.

२०१५–१६ मध्ये हाच संघ पुन्हा रसातळाला गेला. या वेळचे पराभव मात्र बव्हंशी ओढवून घेतलेले होते: दुबळ्यांना मिळणाऱ्या निवडीच्या हक्कावर डोळा ठेवून चालकांनी काही वर्षे संघ मुद्दामच कच्चा ठेवला होता. एप्रिल महिन्यात दहावा विजय मिळाला आणि १९७३ मधील नऊचा आकडा मागे पडला. तो हंगाम १० विजय आणि ७२ पराभवांवर संपला.