दोन लाव्ह्यांमधला गाळ

माझे बालपण घाटंजीचे. विहीर खणताना काळा पाषाण लागला की सुरुंग लावावे लागत. मध्येच मऊ पट्टा आला की खणणाऱ्यांना हायसे वाटे. असे पट्टे बहुधा झिजलेल्या लाव्ह्याचे असतात. पण विदर्भात काही ठिकाणी तो तळ्याचा गाळ असतो. एक लाव्हा थंड झाला, त्यावर पाणी साचले, गाळ बसला आणि पुढच्या लाव्ह्याने तो झाकून टाकला. जीवाश्म सापडतात ते या गाळात. म्हणून काळ्या पाषाणाचे वय अभ्यासकांनी आधी गाळालाच विचारले.

सुरुवात नागपुरात झाली. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी तिथल्या थरांतून गोड्या पाण्यातले शंख आणि वनस्पतींचे अवशेष वेचले. त्यांचा निबंध १८५५ साली लंडनला छापला गेला. हिस्लॉप यांनी हे थर टर्शरी, म्हणजे डायनोसॉरनंतरचे मानले. १९३४ मध्ये बिरबल साहनींनीही वनस्पतींच्या आधारे तोच कौल दिला.

पुढे पुरावा सूक्ष्मदर्शकाखाली आला. दगड कुटून आधी हायड्रोक्लोरिक, मग हायड्रोफ्लोरिक आम्लात ठेवला की चुना आणि सिलिका विरघळतात. परागकणांची चिवट कवचे तेवढी उरतात. जबलपूरजवळच्या पडवार येथील गाळात ॲक्विलापोलेनाइट्स हा पंखांसारखे फाटे असलेला परागकण मिळाला. क्रिटेशस कालखंडाच्या अखेरची ती ओळखीची खूण. म्हणजे तो गाळ डायनोसॉर असतानाचा.

मग साहनी सपशेल चुकले का? तसेही नाही. छिंदवाडा जिल्ह्यातल्या झिलमिलीच्या गाळात फोरॅमिनीफेरा या सूक्ष्म समुद्री जीवांची कवचे सापडली. गर्टा केलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ती क्रिटेशस संपल्यानंतर लगेचच्या काळातली ठरवली. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीची ती सीमा लाव्हा वाहत असतानाच ओलांडली गेली होती. सगळ्या थरांना एकच वय असेल, हे गृहीतच लंगडे होते.

आता गावी गेलो आणि नव्या विहिरीच्या काठावर मऊ मातीचा ढीग दिसला की मी थांबतो. साध्या भिंगातून फार तर शंख दिसेल, परागकण नाही. तरी ती माती किती हातांवर, कोणत्या दोन दगडांमधून निघाली, एवढे खणणाऱ्याला विचारून लिहून ठेवतो. तेवढे हरवले, तर प्रयोगशाळेने काढलेले वय नेमके कोणत्या थराचे, हे कुणालाच सांगता येणार नाही.