चाके एकाची, हाकणारा दुसरा

श्रोतेहो, भाड्याची गाडी म्हटली की तिच्यासोबत गाडीवान आलाच, ही टांग्याच्या काळापासूनची आपली समजूत. गाडीवान केवळ गाडी हाकत नाही. तो मालकाच्या मालमत्तेचा राखणदारही असतो. हा राखणदार बाजूला सारून सर्वस्वी अनोळखी माणसाच्या हाती गाडी सोपवण्याचे धाडस ज्या कंपनीने केले, त्या 'हर्ट्झ'चा इतिहास आम्ही आपणांपुढे ठेवीत आहोत.

१९१८ साली अमेरिकेतील शिकागो शहरात वॉल्टर जेकब्स नावाच्या तरुणाने फोर्डच्या 'मॉडेल टी' जातीच्या डझनभर गाड्या घेऊन हा धंदा मांडला. १९२३ साली त्याने तो 'यलो कॅब' या टॅक्सी कंपनीचा प्रमुख जॉन हर्ट्झ याला विकला. परंतु स्वतः धंदा सोडला नाही. पाटीवर नाव हर्ट्झचे लागले, राबत राहिला जेकब्स! १९२६ साली कंपनी जनरल मोटर्सकडे गेली. १९३२ साली शिकागोच्या मिडवे विमानतळावर तिने आपले ठाणे उघडले आणि विमान व मोटार यांची सांगड पडली. १९५४ साली ती 'हर्ट्झ कॉर्पोरेशन' या नावाने न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात उतरली, तेव्हा अध्यक्षपदी जेकब्सच होता. १९६० साली तो निवृत्त झाला.

पुढे मालक बदलत गेले. १९६७ साली आरसीए, १९८५ साली युनायटेड एअरलाइन्सची मूळ कंपनी, १९९४ साली फोर्ड आणि २००५ साली गुंतवणूकदार संस्थांचा एक गट. ही शेवटची खरेदी बहुतांशी कर्जाच्या पैशाने झाली होती.

वस्तुतः हा धंदा जितका मोटारींचा, तितकाच कर्जाचा. गाड्या कर्जाने घ्यायच्या, काही काळ भाड्याने फिरवायच्या आणि मग जुन्या बाजारात विकायच्या. जुन्या गाडीला भाव आहे तोवर सावकार स्वस्थ असतो. २०२० साली महामारीने प्रवास थांबला, जुन्या गाड्यांचे भाव कोसळले, सावकारांना जादा तारण हवे झाले. आणि २२ मे रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तिच्यावर सुमारे १,९०० कोटी डॉलरांचे कर्ज होते. वर्षभरात प्रवास व गाड्यांचे भाव दोन्ही सावरले आणि जून २०२१ मध्ये ती त्यातून बाहेर पडली.

परंतु पैशाहून मोठी हानी निराळीच होती. कंपनीने गाडी चोरीस गेल्याची फिर्याद द्यावी आणि रीतसर भाडे भरलेल्या गिऱ्हाइकाला पोलिसांनी पकडावे, अशा तक्रारी शेकड्यांनी न्यायालयात गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये अशा ३६४ दाव्यांच्या तडजोडीसाठी कंपनीने सुमारे १६ कोटी ८० लक्ष डॉलर देण्याचे मान्य केले.

बारा गाड्यांचा मालक कोणती गाडी कोणाकडे आहे हे तोंडपाठ सांगू शकतो. लाखो गाड्यांच्या मालकाला वहीवरच विसंबावे लागते. आणि वहीतल्या चुकीपायी मालकाचे पैसे जातात, तर गिऱ्हाइकाची अब्रू. गाडीवान उतरवला, तेव्हा त्याच्या जागी विश्वास बसवला होता. तो सांभाळण्याची जोखीम केवळ भाडेकऱ्याची नाही, मालकाचीही आहे, हेच या शतकभराच्या इतिहासाचे सांगणे आहे, असे आम्हांस वाटते.