ती मुलगी, जिचं लग्न पडद्यावर लागलंच नाही

आपल्याकडे एखाद्या वाड्यावर चार माणसं बोलत बसलेली असताना कुणी नुसतं ‘ती मुलगी’ म्हटलं, की ऐकणाऱ्यांचे कान टवकारतात. नाव न घेता जिच्याकडे बोट दाखवलं जातं, तिच्याविषयी काही बरं ऐकायला मिळेल अशी फारशी अपेक्षा नसते. एकटी शहरात राहते, नोकरी करते, लग्नाचं नाव काढत नाही, एवढंसुद्धा बोट दाखवायला पुरतं.

८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेच्या ‘एबीसी’ वाहिनीवर नेमक्या याच दोन शब्दांच्या नावाची एक विनोदी मालिका सुरू झाली. ‘दॅट गर्ल’. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला एक छोटासा प्रसंग घडे आणि त्यात कुणीतरी बोट दाखवून म्हणे, ‘ती मुलगी!’ लगेच चित्र थबके, पडद्यावर नायिकेचा बावरलेला चेहरा आणि त्यावर मालिकेचं नाव. पुढे न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून ती भिरभिरताना दिसे. दुकानाच्या काचेआड उभी असलेली तिच्याच चेहऱ्याची पुतळी तिला डोळा मारी, आकाशात तिच्या चित्राचा पतंग उडे. बोट तेच, पण त्याचा रोख बदलला होता.

नायिकेचं नाव अ‍ॅन मरी. न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रूस्टर या छोट्या गावची. वडिलांचं हॉटेल. नटी व्हायचं म्हणून ती शहरात येते, स्वतंत्र घर घेऊन एकटी राहते. रंगभूमीवर काम मिळेपर्यंत कधी दुकानात, कधी हॉटेलात, कधी जाहिरातीत अशी मिळेल ती कामं करते. पहिल्याच भागात एका जाहिरातीचं चित्रीकरण चाललेलं असतं. तिच्यावर खरोखरच हल्ला झाला आहे असं समजून एक पत्रकार तिला ‘वाचवायला’ धावतो. हा डोनाल्ड हॉलिंजर, तिचा पुढचा पाच वर्षांचा सोबती. हे काम टेड बेसेल या नटानं केलं आणि अ‍ॅन झाली मार्लो थॉमस.

ही मालिका जन्माला कशी आली, ते मालिकेइतकंच रंजक आहे. मार्लोचे वडील डॅनी थॉमस हे लेबनीज वंशाचे, अमेरिकेतले नामवंत विनोदी कलावंत. घरात त्यांची स्वतःची मालिका अकरा वर्षं चाललेली. मुलीला काम मिळालं ते बापाच्या पुण्याईनं, असं लोक म्हणणारच होते. वाहिनीनं तिच्यापुढे काही कल्पना ठेवल्या, त्या सगळ्या कुणाची तरी बायको, कुणाची तरी मुलगी, कुणाची तरी सेक्रेटरी अशा. तिचं म्हणणं साधं होतं: मुलगी स्वतःच कुणीतरी असेल अशी गोष्ट का नको? वाहिनीचे अधिकारी एडगर शेरिक यांना तिनं बेटी फ्रीडन यांचं १९६३ सालचं ‘द फेमिनिन मिस्टीक’ वाचायला दिलं. पुस्तक वाचून त्यांना पहिली काळजी वाटली ती आपल्या बायकोचं आता असंच होणार की काय याची, असं मार्लो सांगते! पण मालिका मात्र मंजूर झाली. बिल पर्स्की आणि सॅम डेनॉफ या जोडीनं ती रचली. मार्लो केवळ नायिका नव्हती, निर्मितीची सूत्रंही तिच्या हाती होती. तिशीही न गाठलेल्या मुलीनं टेबलाच्या त्या बाजूला बसणं हे पडद्यावरच्या कुठल्याही प्रसंगापेक्षा धाडसाचं होतं.

नोकरी करणाऱ्या बाईची ही काही पहिली मालिका नव्हे. पन्नासच्या दशकात ‘अवर मिस ब्रूक्स’मधली शिक्षिका होती, ‘प्रायव्हेट सेक्रेटरी’ होती. पण शिक्षिकेचं लक्ष सहकारी शिक्षकाकडे लागलेलं आणि सेक्रेटरीचं जग साहेबाच्या टेबलाभोवती फिरणारं. अ‍ॅनला नवरा शोधायचाच नव्हता. तिला काम शोधायचं होतं. फरक आहे तो इथे.

आज ते भाग पाहिले तर प्रथम हसू येतं आणि मग थोडा रागही. ही कसली स्वतंत्र मुलगी? वडील वेळी-अवेळी दारात हजर, डोनाल्डकडे संशयानं बघणार. डोनाल्ड रात्री न चुकता आपल्या घरी जाणार. अडचणीत सापडली की अ‍ॅन डोळे मोठे करून ‘ओ डोनाल्ड!’ म्हणणार. एका भागात तर तिच्या पायाचं बोट बोलिंगच्या चेंडूत अडकतं आणि सगळा भाग त्या बोटाभोवती फिरतो. शिवाय काम मिळत नाही म्हणून रडणाऱ्या मुलीकडे इतके झकपक कपडे येतात कुठून, हा प्रश्न आहेच.

पण इतिहास वाचताना त्या काळाची कुंपणं कुठे होती, हे आधी बघावं लागतं. तेव्हा अमेरिकेतल्या वृत्तपत्रांत ‘पुरुष पाहिजेत’ आणि ‘स्त्रिया पाहिजेत’ अशा नोकरीच्या जाहिराती वेगवेगळ्या रकान्यांत छापल्या जात. बाईनं कर्ज मागितलं, तर नवऱ्याची किंवा बापाची सही मागण्याची रीत होती. त्याविरुद्धचा कायदा १९७४ साली झाला. संततिनियमनाची साधनं मिळवण्याचा अविवाहितांचा हक्क तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं मान्य केला तो १९७२ साली. अनेक कंपन्यांच्या हवाई सुंदरींना तर लग्न केलं की नोकरी सोडावी लागे.

आपणही यावर मान डोलावून मोकळं होऊ नये. परराष्ट्र सेवेतल्या स्त्री अधिकाऱ्यांना लग्नासाठी सरकारची परवानगी घ्यावी लागत असे, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयासमोर सी. बी. मुथम्मा यांच्या १९७९ सालच्या खटल्यात आलं. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींचा खटला निकाली निघाला १९८१ साली. पहिल्या गरोदरपणातच नोकरी संपवणारा नियम न्यायालयानं रद्द केला, पण सेवेच्या पहिल्या चार वर्षांत लग्न न करण्याची अट मात्र योग्य ठरवली. बाईची नोकरी म्हणजे माहेर आणि सासर यांच्यामधली धर्मशाळा, ही समजूत दोन्हीकडे एकच होती.

या पार्श्वभूमीवर अ‍ॅनचं एकटीनं राहणं केवढं होतं, ते मार्लोला येणाऱ्या पत्रांवरून कळलं. गमतीजमतीच्या मालिकेच्या नायिकेला मुली लिहीत होत्या: मी सोळा वर्षांची आहे, मला दिवस गेले आहेत, मी कुठे जाऊ? नवरा मारतो, मुलं लहान आहेत, काय करू? पडद्यावरची मुलगी इतकी मोकळी, म्हणजे तिला रस्ता ठाऊक असणार, असा त्यांचा भाबडा विश्वास. या मुलींना पाठवायचं कुठे, याची मार्लोनं चौकशी केली, तर पाठवण्याजोग्या जागाच जवळजवळ नव्हत्या. या पत्रांनी आपल्याला राजकीय भान दिलं, असं तिनं पुढे अनेकदा सांगितलं आहे. अ‍ॅन जे बोलू शकत नव्हती, ते अ‍ॅनला लिहिलं जात होतं.

मालिका पाच वर्षं चालली, १३६ भाग झाले. पाचव्या वर्षाच्या सुरुवातीला, सप्टेंबर १९७० मध्ये, अ‍ॅन आणि डोनाल्ड यांचा वाङ्निश्चय झाला. आता शेवट ठरलेलाच, असं सर्वांनी गृहीत धरलं. वाहिनीला आणि क्लेरॉल या प्रायोजकाला शेवटच्या भागात लग्न हवं होतं. लग्नाचा भाग म्हणजे प्रेक्षकांची हमखास गर्दी. मार्लोनं नकार दिला. पाच वर्षं आपल्याकडे पाहत मोठ्या झालेल्या मुलींना शेवटी ‘सुखाचा शेवट म्हणजे लग्नच’ असं सांगायचं नाही, हे तिचं कारण.

मग १९ मार्च १९७१ रोजी शेवटचा भाग झाला. त्यात मांडव नाही, वरात नाही. स्त्रीमुक्तीच्या एका सभेला अ‍ॅन डोनाल्डला घेऊन निघते आणि दोघं लिफ्टमध्ये अडकतात. तिथेच जुन्या आठवणी निघतात. बस्स. फार थोर कलाकृती नव्हे ती. जुने तुकडे जोडलेला भाग. पण लग्नाच्या मंडपाऐवजी सभेच्या वाटेवरची लिफ्ट निवडणं ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

आज या प्रकारच्या मालिकांचं श्रेय बहुतेक वेळा ‘द मेरी टायलर मूर शो’ला मिळतं. तो सप्टेंबर १९७० मध्ये सुरू झाला. त्याची नायिका वृत्तविभागात काम करणारी, तिशीतली, अधिक प्रौढ. लेखनही अधिक सरस, हे मान्यच. पण मेरी आली तेव्हा दार किलकिलं झालेलं होतं. ते ढकलणारे हात अ‍ॅनचे होते, भले ते ढकलताना तिनं गोड हसून माफी मागितली असेल.

मार्लोनं पुढे १९७२ मध्ये ‘फ्री टु बी... यू अँड मी’ ही मुलांसाठीची ध्वनिमुद्रिका काढली. मुलग्यांनी रडावं, बाहुलीशी खेळावं, मुलींनी धावण्याच्या शर्यतीत पुढे जावं, असं सांगणारी. स्वतःचं लग्न तिनं केलं ते १९८० साली, फिल डोनह्यू यांच्याशी. २०२४ साली त्यांचं निधन होईपर्यंत ते टिकलं. म्हणजे लग्नाला तिचा विरोध कधीच नव्हता. विरोध होता तो लग्न हाच मुलीच्या गोष्टीचा एकमेव शेवट मानण्याला.

आपल्याकडच्या मालिकांत आजही लग्नाचे भाग आठवडाभर चालतात आणि नायिकेची नोकरी बहुधा त्यातल्या एखाद्या वळणावर हरवून जाते. अशा वेळी ती जुनी, बडबडी, जराशी बावळट अ‍ॅन आठवते. लिफ्टमध्ये अडकलेली, अजून लग्न न झालेली, आणि सभेला उशीर होतोय म्हणून हळहळणारी.